पाणी कुठून येतंय? : राउंड आयर्लंड शर्यतीसाठी जुनी बोट तयार करतानाच्या नोंदी

ज्यांना आपली जुनी बोट घेऊन या शर्यतीत उतरायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी आहेत. शिडाच्या बोटींची ही शर्यत दर दोन वर्षांनी जूनमध्ये आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या विक्लोहून सुटते. १९८० साली सुरू झाली, विक्लो सेलिंग क्लब ती भरवतो. नियम एका ओळीचा: आयर्लंड आणि त्याची सगळी बेटं उजव्या हाताला ठेवून विक्लोला परत यायचं. रॉकॉल हा अटलांटिकमधला एकाकी खडक तेवढा वगळलेला आहे. अंतर सुमारे ७०४ सागरी मैल, म्हणजे १,३०० किलोमीटर. २०१६ मध्ये 'रॅम्बलर ८८' या ८८ फुटी बोटीने हे अंतर २ दिवस २ तासांत कापलं. आमची बोट ३३ फुटी, फायबरग्लासची, १९८० च्या दशकातली. मालक (पुढे 'कप्तान') निवृत्त आयरिश शिक्षक. सहा जणांत आम्ही दोघं मराठी: मी डब्लिनची, आणि कॉर्कला औषध कंपनीत असलेला माझा मावसभाऊ, म्हणजे दादा.

१३ जानेवारी

बोट डब्लिनजवळ डन लीरीला जमिनीवर उभी आहे. आत शिरल्याबरोबर बिल्जमध्ये (फळ्यांखालच्या तळाच्या पोकळीत) चार बोटं पाणी दिसलं. कप्तान म्हणाले, "दर हिवाळ्यात असतंच." मला ते पटेना. जमिनीवर ठेवलेल्या बोटीत पाणी येतंच कसं?

रात्री हर्णैला बाबांना फोन केला. बाबांनी तीस वर्षं मासेमारीची होडी चालवली. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "चाखलंस का? आधी जिभेला लाव गो. गोडं असलं तर वरून येतंय, खारं असलं तर खालून."

१४ जानेवारी

चाखलं. गोडं निघालं. म्हणजे पावसाचं. कील (बोटीच्या तळाला बोल्टने जोडलेला वजनदार पंख), प्रोपेलरचा शाफ्ट, तळातली भोकं यांची चिंता तूर्त नाही. बादलीभर पाणी स्पंजने टिपून बिल्ज कोरडा केला आणि आतून टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवल्या: खिडक्यांखाली, डोलकाठीच्या बुडाशी, दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटांपाशी. (डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा ज्या लोखंडी पट्ट्यांना अडकतात त्या चेनप्लेट.) पट्टी जिथे भिजेल तिथे गळती. खर्च २ युरो. यावर्षी यापेक्षा उपयोगी खरेदी झाली नाही.

२१ जानेवारी

आठवडाभर पाऊस. उजवीकडची चेनप्लेट आणि डोलकाठीचं बूड, दोन्हीकडच्या पट्ट्या ओल्या. आमची डोलकाठी डेकमधून आरपार खाली कीलवर टेकते, त्यामुळे तिच्या पोकळीतून थोडं पाणी येणारच. चेनप्लेटचं तसं नाही. तिथे डेकच्या आतलं लाकूड भिजून कुजतं.

४ फेब्रुवारी

उजवी चेनप्लेट उघडली. डेकच्या दोन थरांमधलं बाल्सा लाकूड तळहाताएवढ्या जागेत काळं पडून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालेलं. आधी वाटलं होतं सिलिकॉन भरलं की झालं. तसं करू नका. मागच्या कोणीतरी तेच केलं होतं म्हणूनच लाकूड आत गुपचूप कुजत राहिलं. कुजलेलं सगळं खरवडून काढलं, दोन आठवडे हीटर लावून वाळवलं, मग इपॉक्सी भरलं. ज्या तारेवर डोलकाठी उभी राहते तिथे अंदाजावर काम भागत नाही, म्हणून सर्व्हेयरला बोलावलं. त्यांची फी ४५० युरो. तेवढ्यात त्यांनी कीलचे बोल्टही तपासले, ते ठीक होते.

माझ्या अंदाजाने हे काम दोन शनिवारांचं होतं. लागले सहा.

१० मार्च

उभ्या तारा सगळ्या बदलल्या. विमा कंपनीला दहा वर्षांपेक्षा जुन्या तारा चालत नाहीत, आमच्या तेरा वर्षांच्या. ४,२०० युरो. पैसे सहा जणांत वाटले नाहीत, कप्तानांनी दिले, बोट त्यांची आहे. बाकी सगळा शर्यतीचा खर्च आम्ही सहा वाटे करून भरतोय. हे सुरुवातीलाच बोलून घ्या. आम्ही मार्चपर्यंत बोललो नव्हतो आणि जीवरक्षक तराफ्याच्या भाड्यावरून दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोलत नव्हतं.

२३ मार्च

सुरक्षेची यादी. या शर्यतीला किनाऱ्यापासून लांबच्या शर्यतींचे कडक नियम लागतात. फुगवता येणारा तराफा (भाड्याने, ३८० युरो), उपग्रहाला हाक घालणारा बीकन, आपली जागा इतर बोटींना कळवणारा एआयएस ट्रान्सपाँडर, भडक रंगाची वादळी शिडं, डेकवर पुढपासून मागपर्यंत दोऱ्या ज्यांना आपला पट्टा अडकवून फिरायचं, सुकाणू मोडलं तर दुसरं काही, आणि तळातल्या प्रत्येक भोकाशेजारी बांधून ठेवलेली मऊ लाकडाची निमुळती खुंटी. खुंट्यांचा संच १४ युरोंना मिळाला. त्याबद्दल पुढे येईलच.

जीवरक्षणाचा कोर्स कप्तान धरून निदान दोघांनी केलेला असावा लागतो. आम्ही तिघं गेलो. तरणतलावात उलटा पडलेला तराफा एकट्याने सुलटा करायचा असतो. मी ५२ किलोंची. तिसऱ्या खेपेस जमलं, तेही पट्ट्याला लटकल्यावर. कपडे आणि फुगलेलं जाकीट अंगात असताना हे आधी करून पाहिलंच पाहिजे.

२० एप्रिल

बोट पाण्यात. बिल्ज कोरडा. दोन तास पट्ट्या बघत बसले. कोरडाच.

११-१२ मे

२४ तासांची चाचणी. डब्लिन उपसागरातून उत्तरेला लॅम्बे, रॉकबिल, पुढे रात्रभर आणि परत. वारा १० ते १२ नॉट (तासाला तेवढे सागरी मैल), समुद्र सपाट. सगळं चाललं, सगळे खूश.

इथेच आमचं चुकलं, पण ते जूनमध्ये कळलं. चाचणी बऱ्या हवेत घेतली. नाळ (बोटीचं पुढचं टोक) एकदाही पाण्याखाली गेली नाही. पुढच्या आठवड्यात दक्षिणेचा २५ नॉट वारा होता आणि तेव्हा आम्ही "उगाच काही मोडायला नको" म्हणून घरी बसलो. मोडायचं ते तेव्हाच मोडायला हवं होतं, बंदरापासून तीन मैलांवर.

८ जून

जेवण. सहा जण, सात दिवस, एक गॅसची शेगडी. इतरांनी पाकिटातलं सुकं जेवण आणलं. मी आणि दादाने मेतकूट, पोहे, शेंगदाण्याचे लाडू, आणि ठाण्याहून मावशीने पाठवलेला आलेपाक. दादाला बोट लागते. गोळ्यांनी त्याला इतकी झोप येते की पहारा देता येत नाही, म्हणून कोणती गोळी किती आधी घ्यायची हे मेमधल्या चाचणीतच ठरवून ठेवलं. ते एक काम आम्ही वेळेवर केलं.

डब्यांवरचे कागद काढून टाकले. कागद भिजून सुटतो, बिल्जमध्ये जातो आणि पंप बंद पाडतो, हे कप्तानांनी सांगितलं. कागदांची एवढी काळजी घेतली, पण हिवाळ्यात मीच चेनप्लेटपाशी कापलेल्या फायबरचा चुरा आणि वायरी बांधायच्या प्लॅस्टिक पट्ट्यांची टोकं बिल्जच्या कोपऱ्यात पडून होती, ती कोणी काढली नाहीत.

शनिवार, दुपारी १

विक्लोहून सुटलो. ब्लॅक कॅसलच्या पडक्या भिंतींवर लोक उभे. वारा वायव्येचा, १४ नॉट, मागून-बाजूने. ओहोटी दक्षिणेला वाहते, म्हणजे पाणीही आपल्या बाजूने. उधाणाचे दिवस आहेत, पाण्याला चांगला जोर. आर्क्लो बँकेची वाळू आणि पवनचक्क्या बाहेरून टाळल्या. टस्करच्या दीपगृहाला रात्री साडेदहाला वळसा. तिथे जहाजांचे येण्या-जाण्याचे पट्टे आखलेले आहेत, त्यांच्यापासून दूर राहायचं हे रात्री नकाशात आधीच रंगवून ठेवलेलं बरं.

रविवार

दिवसभर सुरेख. सॉल्टी बेटं मागे गेली, स्पिनेकर (फुग्यासारखं मोठं शीड) वर. पहारे तीन-तीन तासांचे, तिघं वर तिघं खाली. कप्तान मात्र दोन्ही पाळ्यांत वर. त्यांना झोपायला लावायला हवं होतं. मी लहान, नवखी, म्हणून बोलले नाही.

संध्याकाळी किनसेलच्या ओल्ड हेडपाशी वारा फिरला, नैऋत्येचा झाला आणि चढला. व्हॅलेन्शिया रेडिओवर दर तीन तासांनी हवामान सांगतात, त्यात फोर्स ७ चा (जवळजवळ वादळी वाऱ्याचा) इशारा आला. मोठ्या शिडाला दोन रीफ (म्हणजे घड्या घालून आखूड केलं), पुढे जिब हे छोटं शीड. आता वाऱ्याच्या तोंडावर, तिरकं तिरकं कापत जायचं.

सोमवार, पहाटे २.१०

पुढच्या केबिनमधून ओरडण्याचा आवाज. दोघांच्या झोपायच्या पिशव्या भिजून चिंब. फळ्या उचलल्या तर पाणी वर आलेलं. विजेचा पंप लावला, अर्ध्या मिनिटात घरघरून थांबला. हातपंप चालतोय पण दांडा जड. बादलीने उपसायला घेतलं. दर वीस मिनिटांना दोन बादल्या. पंप सोडवून उघडला तर तोंडाशी तोच हिवाळ्यातला चुरा आणि प्लॅस्टिकची टोकं. माझ्याच हातची. त्या अवस्थेत, टॉर्च दातांत धरून, डोकं खाली आणि बोट ३० अंश कललेली, पंप साफ करायला चाळीस मिनिटं लागली. दादाला तेवढ्यात दोनदा ओकारी झाली तरी त्याने बादली सोडली नाही.

पाणी चाखलं. खारट. मी ठरवूनच टाकलं की खालून येतंय. कील. त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. फास्टनेट खडकावरच्या दीपगृहाचा दिवा समोर बारा मैलांवर दिसत होता. याच समुद्रात १९७९ च्या फास्टनेट शर्यतीत १५ जण गेले. कप्तानांनी जवळच्या बॉल्टिमोर बंदराला वळायचं का असं विचारलं. कीलचे बोल्ट एकेक हाताने चाचपले. कोरडे. शाफ्ट कोरडा. लॉगचं (वेग मोजायच्या यंत्राचं) भोक कोरडं. मग शांतपणे, एकेक फळी उचलत पुढे पुढे सरकत गेले. पाणी पुढूनच मागे वाहत होतं.

पुढच्या केबिनच्या अगदी टोकाला नांगराच्या कप्प्याची भिंत आहे. तिच्यात नाळेवरच्या दिव्याची वायर येण्यासाठी भोक. वायर करंगळीएवढी, भोक अंगठ्याएवढं, मधलं रबर कधीच गळून पडलेलं. नाळ लाटेत बुडाली की कप्पा भरायचा, कप्प्याचं पाणी बाहेर जायचं भोक दोरीच्या सुतांनी बुजलेलं, मग सगळं पाणी या भोकातून आत. प्रत्येक लाटेला नळ सोडल्यासारखी धार.

काय चाललं नाही ते आधी. चिकटपट्टी: ओल्यावर धरत नाही. पाण्यात घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी: पेटीत होती, मुदत संपून दोन वर्षं झालेली, मळून मळून हात दुखले, घट्ट झाली नाही. काय चाललं: त्या १४ युरोंच्या संचातली सर्वांत छोटी खुंटी सुरीने उभी चिरली, फडक्याच्या पट्टीत गुंडाळून वायरीच्या दोन्ही बाजूंनी ठोकली. धार थांबली, थेंब राहिले. ठोकताना वायर दुखावली आणि नाळेवरचा दिवा गेला. शिडावर असताना डोलकाठीच्या टोकाचा तीनरंगी दिवा चालतो, तो लावला.

पहाटे पाच वाजून गेल्यावर फास्टनेट उजव्या हाताला. मी खाली होते, दादाने हाक मारून वर बोलावलं. काळा खडक, त्यावर करडा मनोरा, पायथ्याशी पांढरा फेस मनोऱ्याच्या निम्म्यापर्यंत चढतोय. पाच मिनिटं पाहिलं आणि परत फळ्या उचलायला खाली.

मंगळवार

मिझन हेड, बुल रॉक, स्केलिग, ब्लास्केट. काल संध्याकाळी ब्लास्केटपैकी टेराट बेटाला वळसा घातला, हे पश्चिमेकडचं टोक. नंतर वारा उतरला. टेराटच्या आधी स्केलिगचे दोन सुळके धुक्यातून वर आलेले दिसले होते, भोवती गॅनेट पक्ष्यांचे थवे. सगळं सामान वाळत घातलंय, बोट धोब्याच्या घाटासारखी दिसतेय. बिल्ज तासाला एक मग.

पहारे बदलले. आता प्रत्येक तासाला एक जण खाली, एक वर, म्हणजे वर नेहमी कोणीतरी ताजं. आणि कप्तानांनी सक्तीने चार तास झोपायचं. हे आज मी बोलले. ते लगेच "हो" म्हणाले आणि पाच मिनिटांत घोरू लागले.

बुधवार

अकिल हेड, ईगल आयलंड रात्री गेले. डोनेगल उपसागर आडवा पार करताना वारा बाजूने, १५ नॉट, सर्वांत वेगाचे दहा तास. मेतकूट-भात सहाही जणांनी खाल्ला, दोघांनी परत मागितला. संध्याकाळी टोरी बेट. जूनमध्ये इथे रात्र नीट काळी होतच नाही, उत्तरेच्या क्षितिजावर उजेड तसाच रेंगाळतो.

गुरुवार

इनिशट्राहल पहाटे. इथून पुढे सगळा खेळ पाण्याचा. रॅथलिन बेटाभोवती उधाणाला प्रवाह सहा नॉटपर्यंत जातो. आमचा वेग वारा असताना सहा. वेळ चुकली तर जागच्या जागी उभं राहायचं किंवा मागे जायचं. आमची चुकली, सोमवारी रात्री गेलेले तास इथे नडले. सकाळी नऊला वारा पडला आणि पाणी फिरलं.

अशा वेळी नांगर टाकून थांबायचं, नियमात बसतं. पोर्टरशच्या पुढे किनाऱ्याजवळ ३० मीटरच्या आसपास पाणी मिळालं. पण लांब दोरी कुठे? मागच्या कप्प्यात, तराफ्याच्या जादा दोऱ्या, फेंडर आणि गॅसच्या टाकीखाली. काढून, गुंता सोडवून, नांगराला बांधेपर्यंत २५ मिनिटं. तेवढ्यात बोट सव्वा मैल मागे वाहून गेली होती. तो सव्वा मैल आम्ही दोनदा केला. साडेपाच तास नांगरावर. दोन बोटी आमच्याआधी नीट थांबल्या होत्या, त्या आमच्या पुढेच राहिल्या.

दोरी पिशवीत गुंडाळून, एक टोक बाहेर ठेवून, सर्वांत वर. एवढंच करायचं होतं.

शुक्रवार, संध्याकाळी ६.२०

गुरुवारी दुपारी तीनला नांगर उचलला, रॅथलिनला वळसा घातला आणि मग सरळ दक्षिणेला. भरतीने नॉर्थ चॅनेलमधून खाली ढकललं. बेलफास्टचे दिवे, मग आइल ऑफ मॅनच्या पश्चिमेचा तो सुस्त टापू जिथे उत्तरेची आणि दक्षिणेची भरती भेटते आणि पाणी जवळजवळ हलत नाही. रॉकबिल, लॅम्बे, किश. डब्लिनपासून ओहोटी मिळाली.

विक्लो. ६ दिवस ५ तास. धक्क्यावर कोणीतरी हातात गरम सूपचा मग दिला. मी तो दोन्ही हातांनी धरून उभीच राहिले, बसले असते तर उठले नसते.

७ जुलै

दुरुस्ती. नांगराच्या कप्प्याची वायर काढून टाकली, नवी वायर वरून, डेकवरच्या जलरोधक ग्लँडमधून घेतली. जुनं भोक दोन्ही बाजूंनी फायबरने बंद. कप्प्याच्या तळाचं भोक तारेने साफ, आता ते दर महिन्याला. बिल्जमध्ये व्हॅक्यूम क्लीनर घातला. अर्धा मग कचरा निघाला.

बाबांना सगळं सांगितलं. खारं असूनही वरून आलं म्हटल्यावर म्हणाले, "नाळ बुडाल्यावर वर काय नि खाली काय! होडी उभी असताना चाखायचं म्हणालो होतो मी."

माणशी खर्च, तारा आणि सर्व्हेयर सोडून: ६१० युरो. त्यात प्रवेश फी, तराफा, कोर्स, जेवण, नवी पुट्टी. हिवाळ्यापासून माझे २३ शनिवार.

१४ जुलै

नांगराच्या कप्प्यात बागेचा पाइप सोडून तळाचं भोक बोटाने दाबून धरलं, काठोकाठ भरला, वीस मिनिटं तसाच ठेवला. दादा आत टॉर्च घेऊन पडून होता. टिश्यूच्या पट्ट्या कोरड्या. ही चाचणी एप्रिलमध्ये धक्क्यावर उभ्या उभ्या करता आली असती, पाइप तिथेच टांगलेला होता.